कुडूची गोष्ट सांगा ना

आमच्या कार्डिफच्या घराचं दार उघडलं की समोर आधी माणूस दिसत नाही, कुडू दिसतो. आफ्रिकेतलं हे मोठं हरीण. तेही अख्खं नाही, नुसतं डोकं आणि मान. पाहुणा भिंतीतून अर्धा आत यावा आणि कोणी 'या' म्हणेना म्हणून तिथेच अडकावा, असा चेहरा करून तो बघत असतो. शिंगं इतकी पिळदार, की नवखा माणूस बूट काढता काढता मान वर करून त्यांची टोकं शोधतो आणि हमखास तोल जाऊन छत्र्यांच्या बादलीत हात घालतो. पोस्टमनने त्याला नाव ठेवलं होतं. माझ्या शाळेतल्या मित्रांना तो माझ्यापेक्षा जास्त आवडायचा, यात त्यांची काही चूक नव्हती. दर शनिवारी आई स्टुलावर चढून मऊ फडक्याने त्याचे काचेचे डोळे पुसते. तिचे गुडघे आता दुखतात, स्टूल डगमगतं, आम्ही ओरडतो. पण ते काम तिने कधी कुणाला दिलेलं नाही.

मी घरातला गोष्टी सांगणारा. लग्नांत, बारशांत, कुणाच्या तरी साठीला पोरंसोरं मला घेरतात आणि 'मामा, स्टोरी' म्हणतात. मी टॅक्स ऑफिसातला माणूस आहे, वेम्बलीत राहतो, वजन कमी करायचं रोज ठरवतो आणि ईलिंग रोडवरच्या फरसाणाच्या दुकानांवरून घरी येईपर्यंत ते मोडतो. माझ्या बहुतेक गोष्टींत पडणारा, धडपडणारा, हरवणारा मीच असतो, त्यामुळे कोणाला राग येत नाही. फक्त एक गोष्ट मी कधी सांगितली नाही, कारण ती आमच्या घरात दुसऱ्याची होती.

बाबा सर्जन आणि आई भूलतज्ज्ञ. दोघं एकाच हॉस्पिटलात होते, पण एका ऑपरेशन टेबलाशी कधी उभे राहिले नाहीत. आईने म्हणे सुरुवातीलाच सांगितलं होतं, यांच्या ऑपरेशनांच्या लिस्टवर मला नका घालू. का, ते आम्ही विचारलं नाही. आम्हाला वाटायचं, घरी एवढं एकमेकांसमोर असतात, पुरे झालं असेल. घर मोठं होतं आणि थंड होतं. सकाळी बाबांची शीळ जिन्यावरून खाली यायची, मागून त्यांचं आफ्टरशेव्ह, आणि मग ते. आईची सगळी ऊब स्वयंपाकघरात. तळण असलं की ती खिडक्या सताड उघडून, अंगात कोट घालून चकल्या तळायची, म्हणजे शेजारच्या मिसेसना वास जाऊ नये. वास जायचाच. कोटालाही यायचा. पेरेंट्स इव्हनिंगला माझी आई शाळेच्या गेटात शिरली की मला वर्गात बसल्या जागी कळायचं.

बाबा कुणावर हात उगारत नसत. त्यांना गरजच नव्हती. शरीरात कुठे शीर आहे आणि कुठे नाही हे त्यांना ठाऊक होतं, तसंच माणसातही. जेवताना ते शांतपणे एक वाक्य टाकायचे आणि पुन्हा भात कालवायला लागायचे. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. चष्मा, पोट आणि दम्याचा पंप या तीन गोष्टी जोडून बनवलेला. एकदा बागेत खार अंगावर आली म्हणून मी किंचाळलो, तेव्हापासून पाहुण्यांशी माझी ओळख करून देताना ते म्हणत, "आणि हा आमचा वाघ. खारींना जरा जपून असतो." पाहुणे हसत. मीही हसायचो, सगळ्यांच्या आधी. माझ्या विनोदी स्वभावाचं लोक कौतुक करतात, त्याचं मूळ हे असं आहे. मृणालताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिच्यावर ते वाक्यही खर्च करत नसत.

शिकारीचं वेड बाबांना हॉस्पिटलमधल्या एका बड्या गोऱ्या सर्जनने लावलं. त्याच्या घरी एकदा डिनरला गेलो, तर जिन्याच्या दोन्ही बाजूंना डोकीच डोकी. परत येताना गाडीत बाबा म्हणाले, "आपल्या हॉलची भिंत फार रिकामी दिसते." महिनाभरात हिरवे गमबूट आले, चपटी टोपी आली, रविवारी सकाळी डोंगरात हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर बार काढायला जाणं सुरू झालं. मला आणि ताईलाही न्यायचे. ताईच्या तबकड्या फुटायच्या. माझ्या तबकड्या शांतपणे गवतात जाऊन बसायच्या. आणि मग एका उन्हाळ्यात, इतर मराठी डॉक्टर मुलांना घेऊन पुण्याला जातात तसे, आम्ही शिकारीला आफ्रिकेत निघालो. आईने बातमी ऐकून एवढंच म्हटलं, "मग भाजणी करायला हवी. प्रवासात चकल्या टिकतात."

नामिबियात एक अफाट माळरान होतं. बाभळीसारखी काटेरी झाडं, लाल माती, दूरवर एक पवनचक्की आणि तिच्याखाली पाण्याचा हौद. पहाटे इतकी थंडी की उघड्या जीपमध्ये दात वाजायचे, आणि दुपारी त्याच जीपचा पत्रा चटके द्यायचा. दिवसभर कबुतरं एकच सूर लावून घुमत बसायची. तिथला शिकारी डर्क नावाचा, लाल मानेचा, मोठ्या हाताचा आणि मनाने बरा माणूस होता. त्याच्या स्वयंपाकघरात आईने पहिल्याच दिवशी एक कोपरा मिळवला. बाहेर जाळावर मांस भाजलं जायचं आणि आत आमची साबुदाण्याची खिचडी. डर्कला ती आवडली. तो तिला 'मोती' म्हणायचा.

पहिल्या संध्याकाळी पुठ्ठ्यावर नेम धरून बंदुकीची सवय करायची होती. ताईने पुठ्ठ्याच्या मध्याजवळ भोक पाडलं. बाबा म्हणाले, "नवशिक्याचं नशीब." माझी गोळी कुठे गेली ते आजही कुणाला माहीत नाही. डर्कने अदबीने आईला विचारलं, मॅडम, तुम्ही? बाबा मोठ्याने हसले. "हिला? हिला डास मारवत नाही." आईही हसली आणि म्हणाली, "कॉलेजात छात्रसेनेत होते मी. रायफल धरली होती."

"धरली असशील, फोटोपुरती," बाबा म्हणाले.

"हो, तसंच काहीतरी," आई म्हणाली आणि कुकर बघायला आत गेली.

मग जाळाभोवती बसल्यावर डर्कने तिथली रीत सांगितली. ज्याची पहिली शिकार, त्याच्या कपाळाला त्याच जनावराचं रक्त लावायचं आणि सूर्य मावळेपर्यंत पुसायचं नाही. पुसलं तर अपशकुन. बाबांचे डोळे चमकले. "अरे, हे तर आपलंच! औक्षणच की!" त्यांनी लगेच सगळं ठरवून टाकलं. समीर, म्हणजे मी, कुडू मारणार, आणि आई मला रक्ताचा टिळा लावणार. तसा फोटो काढायचा. एक हॉस्पिटलात दाखवायला, एक साताऱ्याला काकांकडे पाठवायला. "क्षत्रिय नसलो म्हणून काय झालं?" ते म्हणाले. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं."

पुढचे दिवस मी चुकत राहिलो. लांब शिंगांची वाळवंटी हरणं, रानडुकरं, सगळी माझ्या बंदुकीसमोरून सुखरूप घरी गेली. त्यांच्यात माझी ख्याती झाली असावी. बाबा रोज संध्याकाळी डर्कला अहवाल द्यायचे, इंग्रजीत, म्हणजे तिकडच्या नोकरांनाही कळावं. "आज माझ्या मुलाने एका वारुळाला जबर जखमी केलं." शेवटच्या दिवसाआधी मात्र ते विनोद करायचं विसरले. मांसाचा तुकडा कापता कापता म्हणाले, "उद्या नाही जमलं, तर मी समजेन मला दोन मुलीच आहेत." ताईने हातातला चमचा खाली ठेवला. बाबांनी ते पाहिलंसुद्धा नाही. मला मात्र त्या वाक्याने वेगळंच झालं. तोपर्यंत मला वाटायचं, ही चेष्टा आहे, चेष्टेच्या मागे कुठेतरी मी त्यांचा आहेच. त्या संध्याकाळी कळलं की मागे काही नाही. उद्याची एक गोळी आहे, ती लागली तर मी मुलगा, नाहीतर नाही.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. आईला रांधायचं काही नव्हतं, म्हणून ती पहिल्यांदाच आमच्याबरोबर जीपमध्ये आली. मांडीवर विणकाम, पायाशी चहाचा थर्मास आणि आमच्यासाठी चकल्यांचा डबा. डर्कने दूर झुडपांत बोट दाखवलं. मला आधी काहीच दिसेना. मग एक झुडूप हललं आणि त्याचं जनावर झालं. राखाडी अंग, पाठीवरून खाली उतरणारे पांढरे पट्टे, जणू कुणी रांगोळीच्या बोटांनी ओढलेले. तो कान हलवत पाला खात होता. आम्ही उतरून वाकत पुढे गेलो, डर्कने तीन पायांची काठी रोवली, तिच्यावर माझी बंदूक ठेवली आणि कानाशी म्हणाला, खांद्यामागे, श्वास सोडून. श्वास हाच तर माझा प्रश्न होता. चष्म्यावर वाफ आली. मागून बाबांचा आवाज आला, अगदी प्रेमळ. "काय रे, नेम धरतोयस की मुहूर्त काढतोयस?" मी घोडा दाबला.

गोळी लागली. तोच तर घात झाला. लागली ती पोटात, फार मागे. कुडू धनुष्यासारखा वाकला, क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग पाय ओढत झाडीत गेला. डर्कने टोपी खाली ओढली. आम्ही मागावर निघालो, आईही पिशवी, थर्मास आणि डबा घेऊन मागून आली. दगडांवर रक्त कमी आणि हिरवट काहीतरी जास्त, आणि त्याचा वास. ऑपरेशन थिएटरचा अनुभव असलेली दोन माणसं बरोबर होती, तो वास कशाचा हे त्यांना सांगावं लागलं नाही. एका काटेरी झाडाखाली तो सापडला. बसला होता. मान ताठ, शिंगं वर, आणि उठायचं म्हणून पुढचे पाय मातीत घासत होता. प्रत्येक खेपेला अर्धा उठायचा आणि पुन्हा बसायचा. त्याचा श्वास ऐकू येत होता. तो अगदी माझ्या दम्यासारखा वाजत होता.

डर्कने स्वतःची बंदूक खांद्यावरून काढली. बाबांनी हात आडवा केला. "नाही. त्याचं आहे, तो संपवेल."

"डॉक, ही रीत नाही. त्याला त्रास होतोय."

"माझा मुलगा आहे," बाबा म्हणाले. पुढे मराठीत, माझ्यासाठी, "सावकाश. आम्हाला घाई नाही."

आणि ते खरोखरच एका सपाट दगडावर बसले. थर्मास उघडून कपात चहा ओतला. डबा उघडला. मी बंदूक धरून उभा, समोर तो कुडू, आणि बाजूला चकली मोडल्याचा आवाज. कडक चकली होती, आईची नेहमीसारखी. "बघ, तुझ्यासाठी थांबलाय तो," बाबा म्हणाले. "एवढं मोठं जनावर, पण किती समजूतदार." पुन्हा कटकन आवाज. "खारीएवढाच आहे असं समज." ताई रडत होती. मी बंदूक वर करायचो, कुडू माझ्याकडे बघायचा, आणि माझे हात आपोआप खाली यायचे. पंप जीपमध्ये राहिला होता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मला आठवतंय ते एवढंच, की बाबांनी कप दुसऱ्यांदा भरला. मग त्यांनी मागे न बघता डबा आईपुढे केला. "घे."

"माझा उपवास आहे आज," आई म्हणाली.

तिने विणकाम पिशवीत ठेवलं, सुया नीट टोकं आत करून. माझ्याजवळ आली आणि झोपलेल्या पोराच्या हातातलं खेळणं काढावं तशी बंदूक माझ्या बोटांतून सोडवून घेतली. डर्कला तिने इंग्रजीत विचारलं, अगदी हॉस्पिटलच्या आवाजात, "कुठे मारलं म्हणजे त्याला काही कळणार नाही?" डर्कने स्वतःच्या मानेवर बोट ठेवून दाखवलं. आईने खटका मागेपुढे करून पाहिला, पदर कमरेला खोचला, एक गुडघा मातीत टेकला. बाबा म्हणाले, "अगं, अगं," आणि पुढे काही बोलायच्या आत आवाज झाला. कुडूची मान हळूच खाली आली. आजूबाजूची सगळी कबुतरं एकदम थांबली आणि थोड्या वेळाने पुन्हा घुमायला लागली.

बाबा चांगले सर्जन होते. टेबलावर काही बिघडलं तर क्षणात सावरणारे. तसेच सावरले. चहाचा कप झटकून उठले. "ठीक आहे. झालं ते झालं. फोटोत काय दिसतं कुणी मारलं ते! समीर, डोळे पूस, बंदूक घे, इथे गुडघ्यावर बस. आणि तू त्याला टिळा लाव. डर्क, कॅमेरा." मी बसलो. माझ्यात नाही म्हणण्याइतकं काही उरलं नव्हतं. आईने वाकून मधलं बोट जखमेत बुडवलं आणि माझ्याकडे वळली. मी डोळे मिटले. बोट आलं नाही. डोळे उघडले तर ती बाबांसमोर उभी होती.

"अहो, जरा वाका."

आई बुटकी, बाबा उंच. दर दिवाळी पाडव्याला ती तबक घेऊन हेच म्हणते आणि ते वाकतात. त्या दिवशीही ते वाकले, निव्वळ सवयीने. तिने त्यांच्या कपाळावर खालून वर, सावकाश, ठसठशीत टिळा ओढला.

"आजची शिकार तुमचीच," ती म्हणाली. बघत होती ती कुडूकडे नाही, माझ्याकडे.

डर्कला मराठी कळत नव्हतं. त्याला वाटलं, नवऱ्याला मान दिला. त्याने खूश होऊन फोटो काढला. बाबांचा हात रुमालाकडे गेला तेव्हा डर्कनेच तो धरला, "नो नो डॉक, सूर्य मावळेपर्यंत नाही. अपशकुन." आणि बाबा तसेच राहिले. परतीच्या वाटेवर टिळा वाळला, दुपारी जेवायला बसल्यावर त्याच्या खपल्या त्यांच्या ताटात पडत होत्या. आई त्यांना वाढत होती.

पुष्कळ महिन्यांनी डोकं खोक्यातून कार्डिफला आलं. बाबा म्हणाले, गॅरेजमध्ये राहू दे. आई म्हणाली, "एवढं हौसेने आणलंय, समोरच लावू की," आणि स्वतः भिंतीत ड्रिल घातलं. खाली तो टिळ्याचा फोटो. पहिल्याच पार्टीला कुणीतरी विचारलं, बाप रे, कुणी मारला हा? घरातली चारही माणसं तिथे होती. बाबांनी आईकडे पाहिलं. आई बटाटेवड्यांची ताटली फिरवत म्हणाली, "यांनी. एका गोळीत. अहो, ती कुडूची गोष्ट सांगा ना."

बाबांनी सांगितली. सांगायला नको होती, पण लोक वाट बघत होते आणि फोटोत टिळा त्यांच्याच कपाळावर होता. पुढच्या पार्टीला आईने पुन्हा सांगायला लावली. गणपतीला, हळदीकुंकवाला नवरे न्यायला येत तेव्हा, ताईच्या लग्नात व्याह्यांसमोर. सुरुवातीला बाबा रंगून सांगायचे. एका वर्षी तर कुडू अंगावर चालून आला होता. मग रंग उडत गेला. नवे पाहुणे हॉलमध्ये थबकले की बाबा बर्फ आणायच्या निमित्ताने आत सटकायचे. आई गोड आवाजात हाक मारायची, "अहो, यांना कुडूची गोष्ट ऐकायचीय." आणि ते बर्फाचं भांडं हातात घेऊन परत यायचे. आई शेवटपर्यंत उभी राहून ऐकायची, एकही शब्द न चुकवता. मला वाटतं तिला ऐकताना आनंद होत नव्हता. डोस पूर्ण गेला की नाही, तेवढं ती बघायची.

माझी चेष्टा मात्र आफ्रिकेतच संपली. बाबांनी मला पुन्हा कधी वाघ म्हटलं नाही. खरं तर त्यानंतर त्यांनी मला फारसं काहीच म्हटलं नाही. फोनवर 'कसा आहेस, आईला देतो.' कधी कधी वेम्बलीहून कार्डिफला गाडी चालवत जाताना वाटतं, चेष्टा तरी बरी होती, निदान तेवढ्यापुरते तरी ते माझ्याकडे बघायचे.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे तिथे होतो. बाबांचे हात आता थरथरतात, बटणं आई लावते. पाडव्याचं औक्षण झालं, तेव्हा त्यांना वाकावं लागलं नाही, ते खुर्चीतच असतात. मग चहा, फराळ. माझी मुलगी तारा हॉलमध्ये त्या फोटोपाशी उभी होती. तिचं मराठी शनिवारच्या वर्गातलं आहे. आत येऊन म्हणाली, "आजोबा, ही कुडू कसा मेला? त्याला hurt झाली का?"

बाबा कपाकडे बघत राहिले. आई म्हणाली, "अहो, सांगा ना. तिने तुमच्या तोंडून कधी ऐकली नाहीये."

बाबांनी मान वर केली. आईकडे नाही, माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत डोळे घालून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "समीर," ते म्हणाले, "तू सांग. तुला येते सांगता."

त्यात काय होतं ते मला कळलं. तो अख्खा माणूस माझ्यासमोर बसला होता, उठता न येणारा, आणि मागत होता ते फार थोडं होतं. मी खरं सांगितलं असतं तर ते सुटले असते. विषय बदलला असता तरी सुटले असते. ताई माझ्याकडे बघत होती. मी ताराला मांडीशी ओढलं आणि सुरू केलं. सावकाश सांगितलं, घाई कशाची होती? पहाटेची थंडी, कबुतरं, पांढरे पट्टे, सगळं. बाबा आपल्या गोष्टीत कधीच घेत नसत ते सुद्धा घेतलं. "आणि मग आजोबा एका दगडावर बसले. त्यांनी चहा ओतला. आजीच्या चकल्यांचा डबा उघडला. कुडू समोर बसला होता, आणि आजोबा चकली खात होते."

"व्हाय?" तारा म्हणाली. "मग?"

"मग काय," मी म्हटलं, "मग आजोबांनी त्याला एका गोळीत मारलं. त्याला काही कळलंसुद्धा नाही. आजोबांना त्याचं दुःख बघवलं नाही ना."

बाबांच्या हातात चकली होती, ती त्यांनी ताटलीत परत ठेवली. ठेवताना हात थरथरला आणि ताटली वाजत राहिली. आईने पुढे होऊन ती धरली, आवाज थांबवला. माझ्याकडे बघून म्हणाली, "यांच्यापेक्षा छान सांगतोस."

मग तिने चकल्यांचा डबा माझ्यापुढे केला, आणि मी एक उचलली.